नकाशातले टिंब समुद्रात का पडते?

गेल्या अंकात वर्गातल्या डिजिटल नकाशांबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच देऊन टाकले आहे. मी तीस वर्षे भूगोल शिकवला. त्यातली पहिली अठरा वर्षे खडू, भिंतीवरचा नकाशा आणि एक लाकडी काठी एवढ्यावर निभावली. त्यामुळे पुढची उत्तरे संगणकतज्ज्ञाची नाहीत, चुका करत शिकलेल्या बाईची आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : बाई, आमच्या वर्गात प्रोजेक्टर आला. गूगल अर्थ लावले की मुले ओरडतात, पृथ्वी गरगर फिरते, आम्ही खाली झेपावतो, आणि घंटा होते. दुसऱ्या दिवशी विचारले तर कुणाला काही सांगता येत नाही. माझे काय चुकते?

जे माझे चुकले तेच. पहिल्या तासाला मी पडद्यावर पृथ्वीचा गोल लावला आणि विचारले, “कुठे जायचे?” एकाने स्वतःच्या घराचे छप्पर मागितले. मग शेजारच्याने त्याचे. एकोणचाळीस मुलांपैकी अकरा छपरे पाहून झाली तेव्हा तास संपला. छपरे छान होती. शिकवायचे काय, हे मी मुळात ठरवलेच नव्हते आणि ते स्वतःशी कबूल करायला मला आठवडा लागला.

आता मी पडदा बंद ठेवून सुरुवात करते. अरल समुद्राचे उदाहरण सांगते, कारण ते आजवर एकदाही फसलेले नाही. आधी फळ्यावर एवढेच लिहायचे : मध्य आशियातला जलाशय, त्याला मिळणाऱ्या दोन नद्या अमू दर्या आणि सिर दर्या, १९६० च्या सुमारास क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, जगातल्या सरोवरांत चौथा क्रमांक. मुख्यतः कापसाच्या शेतीसाठी दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले गेले. मग प्रश्न : पाणी आटू लागले की सरोवर सगळीकडून सारखे आक्रसेल की एखाद्या बाजूने जास्त? कोणत्या बाजूने? प्रत्येकाने वहीत काहीतरी लिहायचेच. चुकले तर चुकले. पण लिहिल्याशिवाय पडदा सुरू होत नाही, हा माझ्या वर्गाचा कायदा.

गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रे वर्षावार पाहता येतात. ती सलग चालू सोडू नका, त्याचा सिनेमा होतो आणि मुले सिनेमा पाहतात. पडद्यावर मोठा पांढरा कागद चिकटवा, १९८४ ला थांबा आणि एका मुलाला निळ्या पेनाने किनारा गिरवू द्या. मग २०००, वेगळा रंग. मग २०१४. मध्ये कुणी झूम हलवला तर सगळे मुसळ केरात, म्हणून माउस कुणाच्या हाती आहे याकडे लक्ष असू द्या. कागद काढून फळ्यावर लावला की तीन रेषा बोलू लागतात. दक्षिणेकडच्या मोठ्या भागाची पूर्व बाजू उथळ, म्हणून तिथला किनारा भराभर मागे सरकला. २०१४ मध्ये ती बाजू पूर्ण कोरडी पडली. उत्तरेचा लहान तुकडा मात्र तगून राहिला. हे का, ते मी सांगत नाही. एका वर्षी एका मुलीने झूम करत करत दोन भागांच्या मधली रेघ शोधून काढली आणि म्हणाली, “बाई, एवढी सरळ रेघ आपोआप येत नाही.” तो कोक-अरलचा बांध होता. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या बांधाने सिर दर्याचे पाणी उत्तरेच्या भागातच राखले. त्या तासाला मी फार तर दहा वाक्ये बोलले असेन.

प्रश्न : सातवीतल्या एका मुलाने विचारले, “ग्रीनलंड आफ्रिकेएवढे आहे का?” नकाशात तसे दिसते खरे. मी “नाही” म्हणालो, पण का ते नीट सांगता आले नाही.

सर, त्या मुलाला शाबासकी द्या. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिकेचे सुमारे ३ कोटी ३ लाख. म्हणजे आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात.

दोष त्या चौकोनी नकाशाच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीचा आहे. गेरार्डस मर्केटरने ते १५६९ मध्ये केले, खलाशांसाठी. होकायंत्राची एक दिशा धरून जहाज चालत राहिले तर तो मार्ग या नकाशावर सरळ रेघ होतो, हे त्याचे मोठेपण. त्याची किंमत अशी की विषुववृत्तापासून दूर जावे तसे सगळे ताणले जाते : ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. मोबाइलवरचे बरेचसे नकाशे याच्याच भावंडावर चालतात, कारण त्यात आकार व कोन जागच्या जागी बरोबर राहतात आणि जग चौकोनी फरशांत कापता येते. ध्रुवापर्यंत ताण अनंत होतो, म्हणून हे नकाशे साधारण ८५ अंशांवर सरळ कापून टाकलेले असतात. उत्तर ध्रुव त्यात नसतोच! हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही पुढे येतात.

व्याख्यानापेक्षा मोजायला लावा. चौकोनी नकाशावर साधी पट्टी पडद्याला लावून ग्रीनलंडची आणि आफ्रिकेची उत्तर-दक्षिण लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. मग नकाशातल्याच अंतर मोजण्याच्या साधनाने किलोमीटरमध्ये घ्या. दोन्हींची गुणोत्तरे जुळणार नाहीत आणि का जुळत नाहीत हा पुढचा अर्धा तास. वेळ उरला तर त्याच साधनाने न्यूयॉर्क ते माद्रिद अंतर मोजा. दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी रेघ उत्तरेकडे कमानीसारखी वाकते. “साधन बिघडलेय” असे कुणीतरी म्हणेलच. तेव्हा पृथ्वीगोल आणि एक दोरा पुढे करायचा. दोरा ताणला की तोही तसाच जातो.

प्रश्न : आम्ही क्षेत्रभेटीत मोबाइलच्या जीपीएसने ११२ झाडांच्या नोंदी घेतल्या. तक्ता नकाशावर चढवला तर सहा झाडे आफ्रिकेजवळच्या समुद्रात, काही दुसऱ्याच गावात आणि बरीचशी रस्त्याच्या मधोमध! मुले हसून बेजार. प्रकल्प फसला म्हणायचा का?

छे, ताई! मला विचाराल तर तुमचा खरा प्रकल्प आता सुरू झाला.

समुद्रातली सहा आधी घेऊ. त्यांचे अक्षांश-रेखांशाचे रकाने बहुधा रिकामे राहिले असतील आणि संगणकाने रिकाम्याला शून्य मानले असेल. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे भेटतात ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे. जगभरच्या विसरभोळ्यांच्या नोंदी तिथे जमा होतात. नकाशे करणाऱ्यांनी त्या जागेला थट्टेने ‘नल आयलंड’ असे नावही देऊन टाकले आहे. बेट वगैरे काही नाही.

दुसऱ्या गावातली झाडे जास्त घातक, कारण ती चूक आहेत हे पटकन दिसत नाही. यात दोन नेहमीच्या खोड्या असतात. पहिली : अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल. कैरोचा अक्षांश साधारण ३०.०४ आणि रेखांश ३१.२४. हे उलटे लिहा, टिंब थेट अलेक्झांड्रियाच्या वेशीजवळ पडते. देश तोच, नदीखोरे तेच, सगळे पटण्यासारखे, आणि चूक दीडशे किलोमीटरहून जास्त. टोकियोच्या बाबतीत असे होत नाही. १३९ हा अक्षांश असूच शकत नाही, त्यामुळे साधन लगेच कुरकुरते. मुलांना दोन्ही करून पाहू द्या आणि एक चूक पकडली गेली, दुसरी का निसटली ते विचारा. आणखी एक गंमत : बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण नकाशाची माहिती साठवणाऱ्या जिओजेसन नावाच्या फाइलीत रेखांश आधी लिहायचा असतो. तेव्हा मोठी माणसेही यात पडतात.

दुसरी खोडी मिनिटांची. ३० अंश ४५ मिनिटे हे कुणी ३०.४५ असे लिहिले तर चुकले. ६० मिनिटांचा एक अंश, म्हणून ते ३०.७५ हवे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे या एका दशांशचिन्हाने झाड ३३ किलोमीटर दूर गेले. मी हे उदाहरण गणिताच्या सरांना देऊन टाकले होते. त्यांनी त्यावर चार दिवस काढले.

आता रस्त्यातली झाडे. मोबाइलला जागा कळते ती उपग्रहांच्या संदेशांना लागणाऱ्या वेळेवरून, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरची चूक गृहीत धरावी. उंच इमारतींजवळ किंवा दाट फांद्यांखाली ती वाढते, आणि झाडाची नोंद घ्यायला मूल फांद्यांखालीच उभे राहणार. म्हणून नोंद घेण्याआधी अर्धा मिनिट स्थिर उभे राहा, ॲपमध्ये अचूकतेचा आकडा दिसत असेल तर तोही लिहा. दशांशाचे किती आकडे लिहायचे याचाही हिशेब सोपा आहे : चार आकडे म्हणजे सुमारे ११ मीटर, पाच म्हणजे सुमारे १ मीटर. आठ-आठ आकडे उतरवण्यात अर्थ नाही. पाच मीटर चुकणारे यंत्र मिलिमीटरच्या गप्पा मारते आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. मे २००० पर्यंत तर अमेरिकेचे सरकार सामान्य माणसांसाठीचा जीपीएस संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे. तेव्हा चूक दहा-पाच मीटरची नव्हती, शंभरापर्यंत जाई.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. नकाशात जिथे एकही झाड नाही, तिथे खरेच झाड नाही का? आमच्या अशाच प्रकल्पात मैदानाच्या मागचा सगळा भाग कोरा आला. मुलांनी अहवालात लिहिले, “मैदानामागे वृक्षतोड झाली आहे.” मी त्यांना घेऊन तिकडे गेले तर चौदा झाडे उभी. नोंदींच्या दिवशी तिथे चिखल होता, म्हणून कुणी गेलेच नव्हते. तेव्हापासून आम्ही नकाशावर दोन थर ठेवतो : एक झाडांचा, दुसरा आम्ही चाललो त्या वाटांचा.

प्रश्न : शाळेत एकच संगणक, इंटरनेट असून नसल्यासारखे. आम्ही काय करावे?

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे फुकटचे सॉफ्टवेअर एकदा उतरवून घ्या, ते इंटरनेटशिवाय चालते. पहिला आठवडा जड जाईल, दुसरा कमी. बाकीचे काम कागदावर : परिसराच्या नकाशाच्या छापील प्रती, मुले पावलांनी अंतर मोजून त्यावर भर घालतात आणि शेवटी दोघे-दोघे येऊन संगणकात भरतात. संगणक एक असण्याचा फायदा असा की बाकीचे बाहेर असतात.

छापताना एक जपा. नकाशाखाली “१ : १०,०००” असे अंकप्रमाण लिहिलेले असले आणि तुम्ही तो लहान-मोठा करून छापला, तर ते प्रमाण खोटे ठरते. रेषाप्रमाण, म्हणजे अंतर दाखवणारी आखलेली पट्टी, नकाशाबरोबरच लहान-मोठे होते, म्हणून तेच ठेवा. पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षे रेषाप्रमाणाचा हा गुण पाठ करून घेतला, पण मला स्वतःला तो झेरॉक्सच्या यंत्राजवळ उभी असताना खऱ्या अर्थाने कळला.

प्रश्न : मी पालक आहे. मुलीच्या वर्गाने ‘आमची घरे’ असा ऑनलाइन नकाशा केला. प्रत्येक टिंबावर मुलाचे नाव आहे आणि लिंक सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते आहे. मी उगाच घाबरते आहे का?

उगाच नाही. तो नकाशा आजच बंद करायला सांगा. शिक्षकांशी भांडू नका, त्यांचा हेतू वाईट नसणार. पण मुलाचे नाव आणि घराची जागा एकत्र असलेली लिंक कुणाकडे जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

घर ते शाळा अंतराचा पाठ घ्यायचाच असेल तर नावे काढून टाका आणि अक्षांश-रेखांशाचे दशांशानंतर दोनच आकडे ठेवा. टिंब किलोमीटरभराच्या टापूत कुठेही असू शकते, पाठ तरी होतो. विरळ वस्तीत एवढेही पुरत नाही, तिथे टिंबेच नकोत, नुसते अंतराचे गट करा. मोबाइलच्या फोटोतही जागेची नोंद दडलेली असू शकते, ती चढवण्याआधी काढावी. नावे काढली म्हणजे सगळे झाले असेही समजू नका : जानेवारी २०१८ मध्ये धावपटूंच्या एका ॲपच्या निनावी जागतिक नकाशावरून सैन्याच्या तळांवरचे धावण्याचे मार्ग ओळखू आले होते. तिथे कुणाचेच नाव नव्हते.

प्रश्न : लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने कॉलऱ्याच्या मृत्यूंची टिंबे आणि पाण्याचे सार्वजनिक पंप मांडून केलेला नकाशा दाखवून “या नकाशाने रोगाचे कारण शोधले” असे मी शिकवते. यंदा एक मुलगा म्हणाला, “पंपाजवळ माणसेच जास्त राहत असतील, म्हणून टिंबे जास्त.” मी गप्प झाले.

मीही झाले असते. मुलाचे बरोबर आहे. नुसती टिंबे एवढेच सांगतात की मृत्यू कुठे झाले.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात साथ भडकली, काही दिवसांत शेकडो माणसे गेली. स्नोला पाण्याचा संशय त्याआधीच होता. १८४९ मध्येच त्याने तसे छापले होते. नकाशा त्याने साथ ओसरल्यावर काढला. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला, पण तोवर साथ उतरणीला लागली होती आणि हे स्नोने स्वतःच मान्य केले. मग त्याची बाजू पक्की कशाने झाली? घरोघर जाऊन केलेल्या चौकशीने, आणि तुमच्या विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देणाऱ्या दोन अपवादांनी. पंपापासून जवळच गरिबांचे एक आश्रयगृह (वर्कहाउस) होते, त्यात पाचशेहून जास्त माणसे, आणि मृत्यू फक्त पाच. त्यांची विहीर वेगळी होती. पंपाच्या अगदी शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. माणसे दाटीने होती, तरी टिंबे जवळजवळ नव्हती.

पुढच्या वर्षी मुलांना आधी फक्त मृत्यूंची टिंबे द्या, पंप दाखवू नका. कारणे सुचवू द्या : कोंदट हवा, गरिबी, दाटी. मग पंप दाखवा, सगळे, एकच नाही. प्रत्येक घराला सर्वांत जवळचा पंप कोणता ते ठरवून सीमारेषा काढायला लावा. सरळ अंतराने एकदा, गल्ल्यांतून चालत जाण्याच्या अंतराने एकदा. चालण्याच्या अंतराची अशी रेषा स्नोनेही आपल्या नंतरच्या नकाशात आखली होती. अपवाद सर्वांत शेवटी. आणि त्या मुलाला तुमचे गप्प होणे विसरू देऊ नका, त्याला सांगा की त्याचा प्रश्न इथे छापून आला.

प्रश्न : मुलांनी देशांचे रंगीत नकाशे केले. विषय कोणताही असो, तेच ते मोठे देश गडद येतात.

कारण मुलांनी एकूण आकडे रंगवले. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यानुसार प्रदेश फिकट-गडद रंगवलेल्या नकाशात, दर किंवा घनता घालायची असते. कॅनडा आणि बांगलादेश घेऊन बसा : कॅनडा क्षेत्रफळाने साठपटीहून मोठा, पण दर चौरस किलोमीटरला माणसे चारच्या आसपास, बांगलादेशात हजारावर. आणि साधनाने आपोआप पाडलेले आकड्यांचे वर्ग मुकाट्याने घेऊ नका. दोन गटांना तेच आकडे द्या, एकाला समान अंतराचे वर्ग, दुसऱ्याला प्रत्येक वर्गात सारखे देश येतील असे. नकाशे इतके वेगळे येतात की गट एकमेकांवर आकडे बदलल्याचा आळ घेतात.

प्रश्न : आमच्या भागाच्या ऑनलाइन नकाशात चुका आहेत. मुलांनी त्या दुरुस्त केल्या तर चालेल का?

ओपनस्ट्रीटमॅपवर चालेल, तो त्यासाठीच आहे. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने तो सुरू केला, कुणीही खाते उघडून भर घालू शकते. १२ जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते भरले आणि मदत करणाऱ्यांनी तो नकाशा वापरला. मुलांना हे सांगितले की त्यांची पाठ आपोआप सरळ होते.

पण आधी तीन गोष्टी. गूगलच्या नकाशावरून पाहून काही उतरवायचे नाही, ते परवान्यात बसत नाही. स्वतः चालून पाहिलेलेच किंवा तिथे परवानगी असलेल्या चित्रांवरून. तीस मुलांनी एकदम जतन करायचे नाही. एक खाते शिक्षकाचे, बदल आधी कागदावर, दोघांनी तपासलेला. आणि गंमत म्हणून काही भरायचे नाही. आमच्या एका पठ्ठ्याने शाळेच्या मैदानात पोहण्याचा तलाव काढला होता. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाने तो पुसला आणि अतिशय नम्रपणे विचारले, “हा तलाव प्रत्यक्षात आहे का?” उत्तर मी त्या पठ्ठ्यालाच लिहायला लावले. त्याचे तीन मसुदे झाले.